मे अखेरपर्यंत चार मासे

२ एप्रिल २००३

चि. अमृता हिस,

सप्रेम जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. पंधरा महिन्यांत पहिलं. पोस्टमनने वाचूनच हातात दिलं, कारण त्यावर वाचायला होतं तरी किती! 'परीक्षा झाली की मे अखेरीला मासे न्यायला येते. चारही हवेत. तोवर सांभाळा.' खाली नुसतं अमृता. गॅस सिलिंडरची पावतीसुद्धा याहून गोड असते. तरी ते कार्ड मी शर्टाच्या खिशात घेऊन फिरतो आहे, हे खरं.

चारही मासे मजेत आहेत. बोटाएवढे आणले होतेस, आता दीड वीत झालेत. परसातला हौद आपण तिघांनी खणला तेव्हा मी म्हणालो होतो, एवढा खोल कशाला, म्हैस पोहणार आहे का? आता कळतं की चार फूटसुद्धा कमीच. टिकली अजून तशीच, अंग पांढरंशुभ्र आणि कपाळावर तेवढा लाल ठिपका. तू पुस्तकातली जपानी नावं सांगत होतीस आणि तुझी आई म्हणाली होती, "कपाळाला टिकली हाय, मग टिकलीच म्हणायचं. हाक मारताना जिभेला गाठ पडाया नको." सोनी पिवळीधमक आहे. ठिपक्या सगळ्यांत खादाड. कोळसा काळा आणि भित्रा, शेवटी येतो, पण हातातून खातो.

तुझी वही रोज उघडतो. खाणं पाच मिनिटांत संपेल एवढंच. उरलं तर काढून टाकायचं. सावलीला शेडनेट. आणि पान तीन, ज्याच्याखाली तू दोन रेघा मारल्या आहेस: नळाचं पाणी थेट सोडायचं नाही, पिंपात भरून दोन दिवस उन्हात ठेवायचं, म्हणजे त्यातली जंतू मारायची टीसीएल पावडर उडून जाते. गावच्या पाणीवाल्याला तू पावडर शिकवतेस! बारा वर्षं झाली, टाकीत पावडर मीच टाकतो आणि वॉल्व्हही मीच सोडतो.

यंदा पाण्याचे हाल आहेत. विहीर तळाला गेली. आपल्या खालच्या आळीला चौथ्या दिवशी पाऊण तास पाणी येतं. हौद उन्हानं दिवसाला दोन बोटं उतरतो. पण तू काळजी करू नकोस.

एक गोष्ट पुन्हा लिहितो. तुझी आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी ओट्यावरून उतरताना तू म्हणालीस, "तुम्ही तिचं आजारपण दडवलंत. यापुढं तुमचं एक अक्षर मी खरं धरणार नाही." अमृता, तुझी परीक्षा बुडू नये म्हणून तुला कळवू नका, हे तिनंच सांगितलं होतं. आजारी माणसाचा शब्द मी मोडायचा होता का? तूच सांग.

मे अखेरीला ये. चारही मोजून घे.

तुझे,
अण्णा

२१ एप्रिल २००३

चि. अमृता हिस,

सप्रेम जयभीम.

उत्तर नाही. ठीक आहे, अभ्यास असेल.

मासे उत्तम. एक सहज विचारतो. कोळशाच्या शेपटीजवळ पांढरा डाग आहे, तो पहिल्यापासून डाव्या बाजूला होता की उजव्या? रोज बघणाऱ्याचंच लक्ष नसतं, म्हणून विचारलं.

काल कामानिमित्त पुण्याला गेलो होतो. तू मासे घेतलेस त्या दुकानावरून जाणं झालं म्हणून आत डोकावलो. दुकानदारानं काचेच्या टाकीपाशी नेलं तर मी म्हणालो, कोय मासा बाजूनं बघायचा नसतो, वरून बघायचा, त्याला घमेल्यात काढा. तो चाटच पडला! मग तुझी वही त्याला तोंडपाठ म्हणून दाखवली. पाठ रुंद हवी, पोट सुटलेलं नको. पोहताना सरळ जायला हवा, कमरेत लचकणारा नको. रंगाची कड सुरीनं कापल्यासारखी हवी. कोपऱ्यात एकटा बसणारा आणि वर येऊन तोंड उघडणारा, दोन्ही कितीही देखणे असले तरी सोडून द्यायचे. दुकानदार म्हणाला, "काका, तुमचा धंदा आहे का माशांचा?" मी म्हटलं, पोरगी शिकतेय, रत्नागिरीला, मत्स्य कॉलेजात. तुझं नाव सांगितलं तर त्यानं ओळखलं. दोन तास घमेली उपसायला लावणारी मुलगी तो कशी विसरेल?

मीही दोन तास लावले. नुसते बघायलाच हो.

इथं तालुक्यावरून हुकूम आला आहे की उन्हाळ्यात साथ येते, पावडर दुप्पट टाका. हुकूम काढणाऱ्यांचं बरं असतं. पाण्याचा प्रश्न मी माझ्यापुरता सोडवला आहे. कसा, ते विचारू नकोस.

तुझे,
अण्णा

६ मे २००३

चि. अमृता हिस,

सप्रेम जयभीम.

गावात साथ आली आहे. परवापासून खालच्या आळीत घरटी एक माणूस उलट्या-जुलाबांनी आडवं झालंय. काल संध्याकाळपर्यंत तेवीस झाले. वरच्या आळीत एकही नाही. शेजारच्या कुशाबाईला काल जीपमध्ये घालून ओतूरच्या दवाखान्यात नेलं. डोळे खोल गेले होते, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. सत्तरीची बाई. तुझ्या आईच्या आजारपणात तिचं अंग पुसणारी, तिला ताकाची निवळी पाजणारी हीच. मी जीपपर्यंत उचलून नेलं, काही वजनच नव्हतं.

आरोग्यसेवक सकाळी घरोघर नळाचं पाणी तपासत होता. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकतात, पावडर असेल तर पाणी पिवळं होतं. आज वरच्या आळीत पिवळं झालं. खाली पाणी यायचा दिवस नव्हता, म्हणून लोकांच्या पिंपांतलं घेतलं. झालं नाही. तो म्हणाला, पिंपातली पावडर उडूनही जाते, यावरून काही सांगता येत नाही. मी मान डोलावली.

लोकांना कोणीतरी लागतंच. साळुबाई सापडली. नवरा गेल्यापासून ती चार घरची धुणी धुते, हे तुला माहीत आहे. नळाला पाणी नाही म्हणून ती विहिरीच्या काठावर बसून धुवत होती. संपतराव सरपंच म्हणाले, "हिच्याच धुण्याचं पानी विहिरीत गेलं." लगेच तिचा नळ तोडायला सांगितलं. तोडायचं काम पाणीवाल्याचं, म्हणजे माझं. पाना घेऊन गेलो. ती दारात उभी होती. म्हणाली, "भाऊ, मी काठाच्या खाली बसत व्हते, उताराला. तुमी रोज बघत व्हता की. सांगा ना त्यांना."

मी पाना लावला. सांगितलं तसं केलं.

मासे उत्तम आहेत. चारही.

तुझे,
अण्णा

१० मे २००३

अमृता,

हे पत्र टाकीन की नाही, माहीत नाही. तरी लिहितो.

कोळसा मेला. १७ एप्रिलला. हौद निम्मा उतरला होता, चारही मासे एकावर एक सरकत होते. त्या दिवशी आपल्या आळीचं पाणी आलं आणि मी नळी थेट हौदात सोडली. दुप्पट पावडरीचं पाणी! घटकाभरात चौघंही वर येऊन तोंडं उघडायला लागले. नळी काढून विहिरीच्या चार कळश्या आणून ओतल्या. तिघं सावरले. कोळसा आडवा झाला तो झालाच. पुण्याला मी कामासाठी गेलो नव्हतो. दोन तास घमेल्यात बघून त्याच्यासारखा दुसरा आणला. पांढरा डाग दुसऱ्या बाजूला निघाला.

पण हे काही नाही. पुढचं ऐक.

हौदाला पाणी तर लागतंच होतं. म्हणून २१ तारखेपासून आपल्या आळीच्या पाण्यात मी पावडर टाकली नाही. टाकी दोन्ही आळ्यांसाठी वेगवेगळी भरते; वरच्या आळीला टाकायची, आपल्याला नाही. चार वेळा. रजिस्टरला मात्र रोज 'टीसीएल टाकले' लिहून सही केली. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलंय.

तू म्हणशील, पिंप उन्हात ठेवायला काय झालं होतं? आपलं एक फुटलेलं, दुसऱ्यात प्यायचं पाणी. कुशाबाईकडं रिकामं पिंप होतं. मागितलं असतं तर तिनं लोटत आणून दिलं असतं. पण विहिरीच्या कळश्या रोज वाहताना दिसलो असतो किंवा परसात पाण्याचं पिंप दोन दिवस उभं दिसलं असतं तर आळी बोलली असती, आपण कळशीकळशीला तरसतोय आणि पाणीवाल्याचे मासे पितायत. ते ऐकायची मला लाज वाटली. तेवढ्यासाठी केलं हे सगळं. एक पिंप मागायची लाज.

आज दवाखान्यात गेलो होतो. कुशाबाईला सलाईनची सातवी बाटली चालू होती. खोलीत दोघंच होतो. मी म्हणालो, बरं वाटतंय का? तर म्हणाली, "नवनाथ, पान्याला वास न्हवता."

मी सलाईनची नळी सरळ केली.

"पावडरीचा वास लई वंगाळ असतो. मला त्यो आवडत न्हाई. ह्या टायमाला पानी ग्वाड लागलं. मी म्हनलं, बरं झालं. म्हातारीची अक्कल!" मग डोळे मिटूनच म्हणाली, "तुझ्या हौदात मासं किती हाईत?"

"चार," मी म्हणालो.

"अन् आळीत मानसं किती?"

मी उठून खिडकीशी गेलो. ती मागून आणखी एक बोलली, तुझ्या आईबद्दल. ते मी लिहीत नाही.

बाहेर आल्यावर डॉक्टरांना विचारलं, वाचेल ना? ते म्हणाले, उद्या सांगतो. मंगळवारी खास ग्रामसभा आहे. साळुबाईचा नळ कायमचा बंद करायचा ठराव त्यात येणार आहे. मी उठून बोललो तर टाकीची किल्ली जाईल, कदाचित पोलिसातही जावं लागेल, आणि ते तुझ्या कानावर गेल्याशिवाय राहणार नाही. तू मे अखेरीला येणारी बाई आहेस का मग? नाही बोललो तर कोणाला काही कळत नाही. कुशाबाई वाचली तरी गावात सांगणार नाही, मला माहीत आहे. तू येशील, चार मासे मोजशील, मी चहा टाकीन. फार भीती वाटते, अमृता.

१६ मे २००३, बुद्धपौर्णिमा

अमृता,

सप्रेम जयभीम.

दहा तारखेचं पत्र टाकलं नव्हतं. याच पाकिटात आहे, आधी ते वाच.

कुशाबाई वाचली. काल घरी आली, काठी धरून चालते. बाकीचेही सगळे उठले.

मंगळवारी ग्रामसभा झाली. शाळेच्या पटांगणात लोक मावत नव्हते. संपतरावांनी ठराव वाचला. साळुबाई बायकांच्या मागे एकटी बसली होती, शेजारी हातभर जागा मोकळी. विरोध कोणाचा, असं विचारलं आणि मी उठलो.

म्हणालो, "ठराव थांबवा. खालच्या पान्यात पावडर न्हवती. मी टाकलीच न्हवती."

संपतरावांना वाटलं पावडर संपली असेल. म्हणाले, "स्टॉक न्हवता का?"

"व्हता. टाकली असती तर माझं मासं मेलं असतं."

"मासं? खायाचं?"

"बघायाचं," मी म्हणालो.

कोणीतरी हसलं. मग कोणीच हसलं नाही. ज्यांची लेकरं दवाखान्यात राहून आली ते बाप माझ्याकडं बघत होते. एक जण अंगावर धावून आला, त्याला धरलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. टाकीची किल्ली तिथंच टेबलावर ठेवली. पोलिसात द्यायचं की नाही ते पंचायत ठरवणार आहे. जे ठरेल ते ठरेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाना घेऊन साळुबाईकडं गेलो. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "माफी तुमच्यापाशीच ठिवा. आधी नळ जोडा." जोडला. चहा सोडाच, तिनं बस म्हटलं नाही. निघताना एवढंच बोलली, "आठ दिस बाया माझ्याशी बोलल्या न्हाईत, भाऊ. त्या आठ दिसांचं काय?"

आता मासे. त्याच दिवशी कुशाबाईच्या घरून पिंप मागितलं. तिच्या सुनेनं नुसतं बोट दाखवलं. हौदाचं उरलेलं पाणी गाळून त्यात घेतलं, मासे त्यात ठेवले, वर ओलं पोतं. दिवसभर खायला दिलं नाही, वहीत प्रवासाचं पान आहे तसं. काल सकाळी चार जाड पिशव्यांत एकेक घातला. आळेफाट्याच्या वेल्डिंगवाल्याकडून पिशव्यांत ऑक्सिजन भरून घेतला. तो म्हणाला, "पावनं, आजवर ट्रॅक्टर जोडलं, माशाला हवा पयल्यांदाच भरतोय." पिशव्या खोक्यात ठेवून एसटीनं पुण्याला नेल्या. मांडीवरून खाली ठेवल्या नाहीत. मंचरला गर्दीत गाडी तासभर अडकली तेव्हा टिकलीचे कल्ले फार जोरात हलायला लागले. मी खोक्याला टॉवेलनं वारा घालत होतो, लोक हसत होते.

चारही जिवंत पोहोचले. दुकानदारानं त्यांना वेगळ्या टाकीत ठेवलं आहे. एक महिनाभर सांभाळतो म्हणाला. चौथा कोळसा नाही, त्याच्या टाकीवर मी तशी चिठ्ठी लावून आलो आहे. न्यायचा की नाही, तू ठरव. त्याची काही चूक नाही.

म्हणजे आता तुला गावी यायचं काही कारण उरलं नाही. पुण्याहूनच ने. हौद कोरडा केला आहे. मासे माझ्यापाशी राहिले तर तू एकदा तरी दारात येशील, या आशेवर मी तेवीस माणसं आजारी पाडली. हे असं ओढून आणणं मला आता नको.

आणि एक राहिलं. आज विहारात पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. सगळ्यांबरोबर मीही म्हणत होतो. कुशाबाई भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणायची थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली. दवाखान्यात ती मागून जे बोलली ते हे: "द्रौपदाच्या टायमालाबी तू असंच केलंस. पोरीला अजून सांगितलं न्हाईस ना?"

तर सांगतो. कळवू नका, असं तुझी आई कधीच म्हणाली नाही. एकदाही नाही. कावीळ वाढली त्या दिवसापासून ती तुला बोलाव म्हणत होती. आपल्या आळीतली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी, तिचं वर्ष जाऊ नये असं मला वाटत होतं. आणि ही बरी होईल असंही वाटत होतं. दुसऱ्या दिवशी ती बरी होणार नाही हे कळलं, तेव्हा तुला फोन करायची भीती वाटली, कारण तू पहिल्यांदा हेच विचारलं असतंस की काल का नाही केला. मग तोही दिवस गेला.

तिला मात्र मी सांगत राहिलो. तार केली आहे. निघाली आहे. गाडीत बसली आहे. तीन दिवस तिनं कूस बदलली नाही, कारण दुसऱ्या कुशीवरून दार दिसत नव्हतं. शेवटच्या दिवशी दुपारी बाहेर एसटी थांबल्याचा आवाज आला. तिनं डोळे उघडले. म्हणाली, "आली का?"

मी म्हणालो, "आली."

अण्णा